अजब गाणी शोधावीत कशी, ओळखावीत कशी आणि ऐकवावीत कशी

एखादं अजब गाणं मित्राला पाठवलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर येतं: हसणारी इमोजी, नाहीतर काहीच नाही. गाण्यात खोट नसते. नुसती लिंक आणि 'हे ऐक, भारी आहे' एवढ्या भांडवलावर अनोळखी भाषेतलं, अनोळखी सुरांचं सात मिनिटांचं रेकॉर्डिंग कोण ऐकत बसणार? गाणं कुणाचं आहे, कुठलं आहे आणि त्यात कान नेमका कुठे लावायचा, एवढं सोबत गेलं तर तेच गाणं शेवटपर्यंत ऐकलं जातं. शिवाय गाणाऱ्याचं नाव वाटेत हरवत नाही. ही सोबतची शिदोरी कशी बांधायची ते सांगतो. ती शोधतानाच बांधायला लागते, म्हणून सुरुवात शोधापासून.

शोध कुठून सुरू करायचा

स्ट्रीमिंग ॲपच्या शिफारशींवर विसंबू नका. तुम्ही आधी जे ऐकलंय त्याच्या आसपासचंच ती दाखवतात. त्यांना तुमची आवड कळते, तुमचं कुतूहल कळत नाही. अनोळखी मुलखात शिरायचं तर स्वतः भटकावं लागतं.

भटकण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे रेडिओ गार्डन. पृथ्वीचा गोल फिरवायचा, एखाद्या हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, की तिथलं रेडिओ स्टेशन त्या क्षणी जे वाजवत असेल ते सुरू होतं. गोम एकच आहे. इथे मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही. गाणं आवडलं की लगेच स्टेशनचं नाव आणि वेळ लिहून ठेवायची, आणि जमलं तर फोनवर अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवायचं, पुढे ओळख पटवायला. रेडिओऊऊ नावाच्या दुसऱ्या ठिकाणी नकाशावरचा देश आणि विसाव्या शतकातलं दशक निवडता येतं. 'सत्तरच्या दशकातलं इथिओपिया' असं नेमकं मागायचं असेल तर ते बरं.

भटकून झालं की ठिय्या देण्याची जागा हवी. माझ्या मते त्यात स्मिथसोनियन फोकवेजला तोड नाही. मोझेस ॲश यांनी १९४८ साली फोकवेज ही तबकड्यांची कंपनी काढली. १९८७ मध्ये ती अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेकडे गेली ती एका अटीवर: यादीतली एकही तबकडी कधीच 'आता उपलब्ध नाही' होऊ द्यायची नाही. त्यामुळे जिच्या फारशा प्रती खपण्याची शक्यता नाही अशी तबकडीही आज मिळते. १९५८ साली त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या बेडकांच्या आवाजांची तबकडी काढली होती, तीही मिळते. पण खरा खजिना आहे तबकडीसोबतच्या पुस्तिकांचा. त्या फुकट उतरवून घेता येतात. कोण गातंय, कोणत्या प्रसंगी, कोणतं वाद्य, शब्दांचा अर्थ काय, असं बरंच त्यांत असतं. गाणं ऐकवायला निघालेल्या माणसाला याहून जास्त काय हवं?

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत प्रत्येक परंपरेचा छोटा माहितीपट असतो, तोही कामाचा. आणि अगदी कोरी पाटी असेल तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली सोनेरी तबकडी घ्या. तिच्यात संगीताचे २७ तुकडे आहेत. केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जॉर्जियाचं तीन आवाजांचं पुरुषी गाणं आहे, बल्गेरियाच्या वाल्या बालकान्स्काची डोंगर कापत जाणारी तान आहे, सॉलोमन बेटांची पाव्यांची जुडी आहे, जावाचा गामेलान, म्हणजे काशाच्या घंटा-पट्ट्यांचा वाद्यवृंद आहे. आपल्या ओळखीचा एक आवाज मध्ये असला की बाकीच्या सव्वीसांकडे जायला धीर येतो.

यानंतरची युक्ती म्हणजे धागा ओढणं. देशामागून देश असं ऐकू नका, एखादं वाद्य किंवा गळ्याची एखादी करामत धरा. समजा, एकाच गळ्यातून दोन सूर काढणारी तुवाची गायकी आवडली. तुवा हा रशियातला, मंगोलियाच्या सीमेला लागून असलेला प्रदेश. तिथून मंगोलियात जा. मग सार्डिनिया बेटावर चौघे पुरुष गोलात उभे राहून गातात तो 'कांतू आ तेनोरे' ऐका, आणि तिथून दक्षिण आफ्रिकेत खोसा बायकांच्या 'उम्न्गोकोलो'कडे वळा. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांना गळ्याचा घोगरा, घरघरता आवाज गाण्यात आणावासा वाटला, हे एका संध्याकाळी कानांनी कळतं. यादी वाचून ते कळणार नाही.

कान बसवणं

आपल्यालाच जे धड ऐकू आलं नाही ते दुसऱ्याला कसं ऐकवणार? म्हणून घाई करायची ती इथे नाही. नवं गाणं किमान तीनदा ऐकावं. पहिल्यांदा काहीही न वाचता. मग माहिती वाचून. तिसऱ्यांदा फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवून: नुसता ताल, किंवा नुसता खालचा सूर. 'हे बेसूर आहे', 'रेकॉर्डिंग खराब आहे', 'तालात गडबड आहे' अशा तक्रारी पहिल्या ऐकण्यात येतात आणि तिसऱ्यात बहुधा गळून पडतात. चार उदाहरणं देतो, कारण याच चार जागी बहुतेक लोक गाणं बंद करतात.

झिम्बाब्वेचं एम्बिरा हे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांचं वाद्य अंगठ्यांनी छेडतात. ऐकताना सतत एक खरखर येते आणि वाटतं, स्पीकर गेला. खरं तर वाद्याला शिंपल्यांचे तुकडे किंवा बाटलीची बुचं मुद्दाम बांधलेली असतात, ती खरखर व्हावी म्हणूनच. तिच्याशिवाय वाजवणाऱ्याला आवाज उघडाबोडका वाटतो. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून झंकार काढणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

बालीच्या गामेलानमध्ये वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतलं एक दुसऱ्यापेक्षा किंचित चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की आवाज थरथरतो, जणू सूर श्वास घेतोय. ज्याला आपण 'जुळलेलं नाही' म्हणू, तेच तिथे मेहनतीने जुळवलेलं असतं. शिवाय एका संचाचे सूर दुसऱ्या संचाशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे एका गावच्या संचातलं वाद्य दुसऱ्या गावच्या संचात नेऊन वाजवता येत नाही.

बल्गेरियाचे नाचाचे ताल पश्चिमेकडच्या श्रोत्याला लंगडे वाटतात. आपल्याला वाटायचं कारण नाही. राचेनित्सा सात मात्रांचा आहे: २+२+३. आपला रूपक ३+२+२. 'तक तक तकिट' असं तोंडाने म्हणत ऐका, दोन मिनिटांत पाय हलायला लागतो. कोपानित्सा अकराचा: तक तक तकिट तक तक. मित्राला गाणं पाठवताना एवढे बोल सोबत लिहिले तर तालाचं कोडं उरतच नाही.

आणि तुवाची सिगित गायकी. एक माणूस खालचा सूर धरून ठेवतो आणि वरून शिट्टीसारखी धून ऐकू येते. शिट्टी कुणी वाजवत नाही. प्रत्येक सुराच्या पोटात त्याचे उपस्वर असतातच. गाणारा जीभ, ओठ आणि तोंडाची पोकळी हलवून त्यांतला एकेक उपस्वर उचलून मोठा करतो. तानपुऱ्यात गांधाराची तार नसतानाही जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. हे करूनही बघता येतं. एक सूर धरा आणि तो न बदलता तोंडाचा आकार 'ऊ'पासून 'ई'पर्यंत अगदी सावकाश न्या. न्हाणीघरासारख्या घुमणाऱ्या जागेत वरचे उपस्वर पायऱ्या चढत गेल्यासारखे ऐकू येतात. ज्याला सिगित ऐकवायचंय त्याला आधी हा खेळ करायला लावा, मग गाणं लावा. हसण्याची जागा आश्चर्य घेतं.

नोंद ठेवणं

कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. वही चालेल, फोनमधला तक्ताही चालेल. गाण्याचं नाव मूळ लिपीत आणि देवनागरीत, गाणाऱ्याचं नाव, समाज किंवा भाषा, ठिकाण, वाद्य, मुद्रणाचं वर्ष, कुणी मुद्रित केलं, मला कुठे सापडलं. आणि शेवटी, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला रकाना: 'कोणत्या मिनिटाला काय होतं'. वर्षभराने कुणाला ऐकवायची वेळ आली की हाच रकाना कामी येतो. मूळ लिपीतलं नाव चिकटवून ठेवायचा कंटाळा करू नका. रोमन लिपीत एकाच नावाची पाच स्पेलिंग होतात आणि शोधताना पाचही दगा देतात.

ओळख पटवणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. इंटरनेटवरच्या अजब गाण्यांपैकी बरीच अनाथ असतात: नाव नाही, गाव नाही, किंवा असलं तर चुकीचं.

सॉलोमन बेटांवरची 'रोरोग्वेला' ही अंगाई पाहा. मलाइता बेटावर बाएगू भाषेत ती अफुनाक्वा नावाच्या बाईने गायली आणि ह्युगो झेंप या संगीत अभ्यासकाने १९७० च्या सुमारास ती मुद्रित केली. आईबाप गेलेल्या लहानग्याची समजूत काढणारं ते गाणं. पुढे ते युनेस्कोच्या संग्रहातल्या एका तबकडीवर आलं. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने त्या आवाजाचा तुकडा उचलून आपल्या नाचाच्या ठेक्यावर बसवला, आणि 'स्वीट ललबाय' जगभर गाजलं. अल्बमचा सगळा रोख मध्य आफ्रिकेतल्या पिग्मींवर होता. त्यामुळे ऐकणाऱ्यांनी ही अंगाईही पिग्मींचीच समजली. १९९६ मध्ये नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी तीच धून वाजवली, तर तिचं नावच 'पिग्मी ललबाय' पडलं. पॅसिफिक महासागरातली अंगाई आफ्रिकेतली ठरली, आणि अफुनाक्वाचं नाव त्या खपलेल्या लाखो प्रतींबरोबर कुठेच पोचलं नाही. एका ओळीच्या चुकीच्या माहितीने एवढं होतं.

मग तपासायचं कसं? आधी गाणं ओळखणारं ॲप लावून बघा. हल्लीच्या गाण्यांसाठी ते पुरतं, जुन्या कॅसेटपुढे मात्र हात टेकतं. मग डिस्कॉग्ज. जगभरच्या तबकड्या, कॅसेट आणि सीडींची ही सूची लोकांनीच भरलेली आहे. वादक, कंपनी, क्रमांक, वेष्टनाचे फोटो, सगळं तिथे मिळतं. तिथेही नसेल तर व्हिडिओखालच्या त्या भाषेतल्या प्रतिक्रिया भाषांतर करून वाचा. 'माझ्या काकांचा बँड' असं म्हणणारा एखादा पुतण्या तिथे भेटतो. त्याच्या शब्दावर शिक्का मारू नका, पण धागा म्हणून तो सोनं आहे. वाद्यावरूनही मुलूख ठरतो. व्हायोलिनसारखं वाद्य, पण मुख्य तारांखाली झंकारणाऱ्या तरफेच्या तारा असतील तर नॉर्वेच्या हार्डांगर फिडलपासून शोध सुरू करायला हरकत नाही.

चिकाटी किती लागू शकते याचं उदाहरण म्हणजे 'इंटरनेटवरचं सर्वांत गूढ गाणं' म्हणून फिरणारं एक जर्मन रॉक गाणं. १९८० च्या दशकात कुणीतरी ते रेडिओवरून कॅसेटवर उतरवलं, २००७ मध्ये त्याचा तुकडा इंटरनेटवर आला, आणि शोध लागला नोव्हेंबर २०२४ मध्ये: कील शहरातल्या फेक्स या बँडचं 'सबवेज ऑफ युअर माइंड'. तेही जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं चाळून. इतकी वर्षं हजारो लोकांनी नुसतं गाणंच ऐकलं असतं तर ते सापडलं नसतं.

नाव सापडलं तरी गोष्ट तपासायची राहते. 'हजारो वर्षांपूर्वीचं' हे शब्द दिसले की थबका. बालीचा केचक घ्या: शेकडो पुरुष 'चक चक' करत रामायणातली वानरसेना उभी करतात. बघणाऱ्याला ते आदिम वाटतं, पण आजच्या रूपातला केचक १९३० च्या दशकात घडला, आणि त्यात बालीच्या कलाकारांबरोबर वॉल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराचाही हात होता. त्याने त्याची ताकद तसूभरही कमी होत नाही, फक्त गोष्ट खरी सांगावी. बल्गेरियन बायकांच्या प्रसिद्ध गायनवृंदाचंही तसंच आहे. गळे आणि धून गावातल्या आहेत, पण जे ऐकू येतं ती संगीतकारांनी सरकारी वृंदासाठी बांधलेली रचना आहे.

आणि निव्वळ थापाही असतात. २०११ मध्ये 'जर्गन म्युलर' नावाच्या कुणा जर्मन समुद्रशास्त्रज्ञाची जुनी, हरवलेली इलेक्ट्रॉनिक तबकडी म्हणून एक अल्बम आला. ती होती एका समकालीन अमेरिकन संगीतकाराची निर्मिती. संगीत सुरेख होतं, माणूस काल्पनिक. आता यंत्राने बनवलेली 'सत्तरच्या दशकातली विस्मृतीत गेलेली' गाणी ढिगाने येतात. त्यांची खूण साधी आहे: वादकांची नावं नाहीत, कंपनीचा क्रमांक नाही, डिस्कॉग्जवर पत्ता नाही, आणि तासाभराच्या व्हिडिओत सगळ्या गाण्यांचा आवाज एकाच स्टुडिओतला. अशी गाणी पाठवू नयेत, निदान खरी म्हणून तरी.

कुणाची परवानगी, कुणाचे पैसे

थोडक्यात सांगतो. फाइल उतरवून फिरवू नका, अधिकृत ठिकाणाची लिंक पाठवा. कलाकार हयात असेल आणि बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथे आपली गाणी स्वतः विकतात त्या संकेतस्थळावर, त्याचं खातं असेल तर एक अल्बम विकत घ्या. मार्च २०२० पासून तिथे ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते, म्हणजे तुमचे जास्तीत जास्त पैसे कलाकाराला मिळतात.

नावाशिवाय गाणं विकलं की काय होतं ते 'कंबोडियन रॉक्स'ने दाखवलं. १९६० आणि ७० च्या दशकांत कंबोडियात गिटार आणि ऑर्गनवरचं झिंगलेलं रॉक संगीत फुललं होतं. ख्मेर रूज राजवटीत १९७५ ते १९७९ दरम्यान त्यातले बहुतेक कलावंत मारले गेले किंवा बेपत्ता झाले. १९९६ मध्ये त्या गाण्यांचा संग्रह अमेरिकेत निघाला तेव्हा त्यावर एकाही गायकाचं नाव नव्हतं. आवाज सिन सिसामुथ आणि रोस सेरेसोथिया यांच्यासारख्या, आपल्या देशात घरोघरी माहीत असलेल्या गायकांचे होते. श्रोत्यांनी पुढे एकेक नाव जुळवत आणलं. ती गाणी ऐकवताना नावं टाळणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा पुसणं.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकन संग्राहक ब्रायन शिम्कोविट्झ यांना २००२ मध्ये घानातल्या केप कोस्टला अटा काक या गायकाची एक कॅसेट मिळाली, 'ओबा सिमा'. भन्नाट, वेगवान, घरगुती यंत्रांवर केलेलं रॅप. गायकाचा ठावठिकाणा शोधण्यात कित्येक वर्षं गेली. तो सापडला आणि २०१५ मध्ये अल्बम त्याच्या नावाने रीतसर पुन्हा निघाला. सहाराच्या काठावरच्या फोनमधल्या मेमरी कार्डांवरून अशाच निनावी फाइली हातोहात फिरायच्या. त्यांतूनच नायजरचा गिटारवादक म्दू मोक्तार बाहेरच्या जगाला कळला, तोही कुणीतरी फाइलवर न थांबता माणसापर्यंत गेल्यामुळे.

एक पथ्य आणखी. काही गाणी सगळ्यांसाठी नसतात. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत काही विधिगीतं ठरावीक लोकांनीच ऐकायची असतात, आणि दिवंगतांचा आवाज किंवा नाव पुढे येणं आप्तांना दुखावू शकतं. म्हणूनच तिथल्या संग्रहालयांच्या पानांवर तशा सूचना असतात. सूचना दिसली तर गाणं तिथेच ठेवायचं.

पाठवायचं कसं

एका वेळी एकच गाणं. दहा लिंका पाठवणारा माणूस गाणी ऐकवत नसतो, आपला संग्रह दाखवत असतो.

गाणं निवडताना आपली आवड बाजूला ठेवून समोरच्याची आवड धरा. पियानो आवडणाऱ्याला इथिओपियाच्या एमाहॉय त्सेगे मरियम गेब्रू द्या. जोगीण झालेली ही बाई (१९२३–२०२३) पियानोवर स्वतःच्या रचना अशा वाजवायची की चर्चचे जुने सूर आणि युरोपीय वाजवणं यांची सीमा सापडू नये. जाझवाल्याला इथिओपियाचेच जाझ संगीतकार मुलातू अस्तात्के, किंवा हर्बी हॅनकॉक यांचं १९७३ चं 'वॉटरमेलन मॅन', आणि लगेच त्यापाठोपाठ त्याच्या सुरुवातीची मूळ प्रेरणा: मध्य आफ्रिकेतल्या बाबेंझेले लोकांचा 'हिंदेव्हू', ज्यात एकाच सुराची शिटी आणि गळा आळीपाळीने वाजतात. हॅनकॉक यांच्या तबकडीत तो आवाज बिअरच्या बाटलीत फुंकून काढलाय. ही दोन एकामागोमाग ऐकवली की दुसऱ्याची ओळख पहिलंच करून देतं. दणदणाट आवडणाऱ्याला किन्शासाचा कोनोनो नंबर वन.

सोबतचा मजकूर चारपाच ओळींचा असावा. उदाहरणार्थ:

'कोनोनो नंबर वन, काँगोतल्या किन्शासाचा बँड. वाद्य लिकेंबे, पट्ट्यांचं, अंगठ्यांनी वाजवायचं. रस्त्याच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून जुन्या गाड्यांच्या भागांतल्या लोहचुंबकांचे माइक बनवून लावलेत, म्हणून आवाज असा फाटतो. ते तसंच हवंय. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लाव. ताल शिरेपर्यंत सोडू नकोस. पूर्ण नाही ऐकलंस तरी चालेल.'

शेवटचं वाक्य विसरू नका. 'कसं वाटलं?' असा तगादा लावला की समोरचा न ऐकताच 'मस्त' म्हणून मोकळा होतो. हेडफोनचा आग्रहही उगाच नाही. तुवाच्या कार्गिरा गायकीतला खोल घरघरता सूर फोनच्या स्पीकरमधून जवळजवळ गायबच होतो आणि उरतं ते नुसतं विचित्र.

गाणं लांब असेल तर सुरू कुठून करायचं ते लिहा. पण सुरुवातीची संथ बढतच ज्याचा जीव आहे, अशा गाण्याला मधूनच सुरू करायला सांगू नका. ते नंतरसाठी ठेवा.

हसू आलं तर

येऊ द्या. काही संगीत हसवायलाच असतं. कॅनडातल्या इन्युइट बायका समोरासमोर उभ्या राहून 'कताज्जाक' गातात: एकीचा घोगरा उच्छ्वास, त्याच्या फटीत दुसरीचा, वेग वाढत जातो, आणि जिला आधी हसू फुटेल किंवा दम लागेल ती हरली. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी हशा ऐकू येतो तो खेळाचाच भाग. तिथे हसला नाहीत तर काहीतरी चुकतंय. व्हिएन्नाचा भाजी वाद्यवृंद १९९८ पासून गाजरांच्या बासऱ्या आणि भोपळ्यांचे ढोल ताज्या भाज्यांतून बनवून वाजवतो, आणि कार्यक्रमानंतर श्रोत्यांना भाजीचं सूप देतो. १९७० मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या पोर्ट्समथ सिंफोनियात वाद्य न येणारेही होते. अट एवढीच की मनापासून नीट वाजवायचा प्रयत्न करायचा. १९७४ मध्ये ते थेट रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजले.

द शॅग्जच्या बाबतीत मात्र सांभाळा. न्यू हॅम्पशरमधल्या बहिणी, बापाच्या हट्टाने बँड काढलेल्या, १९६९ ची एकच तबकडी. ढोल एकीकडे, गिटार दुसरीकडे. 'जगातला सर्वांत वाईट बँड' म्हणून ती पाठवली की ऐकणारा तीस सेकंद हसतो आणि बंद करतो. त्याऐवजी लिहा: 'ढोल चुकतोय असं वाटेल, पण गाणं आणि गिटार एकमेकांना किती घट्ट धरून आहेत ते बघ.' मग तीच तबकडी वेगळी ऐकू येते. मी स्वतः तिला थोर वगैरे म्हणणार नाही, पण ती खोटी नाही, आणि हे बऱ्याच सुरेल तबकड्यांबद्दल म्हणता येत नाही.

चार जण एकत्र बसणार असाल तर

सात-आठ गाणी, पाऊण तास. पहिलं गाणं तालाचं ठेवा, गळ्याच्या कसरती तिसऱ्या-चौथ्या जागी. दोन जड गाणी पाठोपाठ नकोत. मध्ये क्रोएशियातल्या झादर शहराचं समुद्रवाद्य ठेवा. २००५ साली किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवल्या आहेत, लाटा हवा ढकलतात आणि त्या वाजतात. गाणारं कुणीच नसल्यामुळे सगळ्यांना बोलायला मोकळीक मिळते. आवाजाची पातळी आधी तपासून घ्या: १९३० ची तबकडी आणि आजचं मुद्रण यांच्यात एवढा फरक असतो की कुणीतरी कानावर हात ठेवतंच. गाणं चालू असताना माहिती सांगू नका. आधी दोन वाक्यं, मग गप्प. आणि उठताना गाण्यांची, गायकांची, ठिकाणांची नावं एका कागदावर किंवा एका संदेशात सगळ्यांना द्या. आवडलेलं गाणं त्यांना त्याच रात्री शोधायचं असतं.